क्लायंटबद्दल आकर्षण वाटलं, आणि मी ते सुपरव्हिजनमध्ये नेलं

थेरपीत क्लायंट थेरपिस्टच्या प्रेमात पडू शकतो, हे बहुतेकांनी कुठे ना कुठे ऐकलेलं असतं. थेरपिस्टलाही समोर बसलेल्या माणसाबद्दल लैंगिक आकर्षण वाटू शकतं, हे मात्र आमच्या क्षेत्रातसुद्धा दार लावून बोललं जातं. मी थेरपिस्ट आहे. काम सुरू करून काही वर्षं झाली होती, तेव्हा मला एका क्लायंटबद्दल असं आकर्षण वाटलं. मी ते माझ्या सुपरवायझरकडे नेलं आणि पुढे बरेच महिने आम्ही त्यावर काम केलं. हे काम नेमकं कसं चालतं, ते त्या वेळी कुणी सांगितलं असतं तर माझी बरीच घालमेल वाचली असती. म्हणून लिहितेय.

क्लायंटची ओळख पटेल असं यात काही नाही. वय, कामधंदा, घरची परिस्थिती, सगळं बदललंय, आणि प्रसंगांतही वेगवेगळ्या लोकांबरोबरच्या कामातले तपशील मिसळलेत. माझ्या मनात जे झालं आणि त्यावर जे काम झालं, तेवढं जसंच्या तसं आहे.

ज्यांचा या क्षेत्राशी संबंध नाही त्यांच्यासाठी सुपरव्हिजनबद्दल थोडं. थेरपिस्ट आपल्या केसेस ठरलेल्या वेळी एका अनुभवी थेरपिस्टपुढे मांडतो. क्लायंट काय बोलला, मी काय बोलले, मला तेव्हा काय वाटलं, मी काय टाळलं, हे सगळं तिथे उलगडायचं असतं. क्लायंटचं हित जपणं, थेरपिस्टला शिकवणं आणि त्याला सावरणं ही तिन्ही कामं त्या एका तासात चालतात. १९२० साली बर्लिनमध्ये मनोविश्लेषणाचं, म्हणजे फ्रॉइड यांच्या उपचारपद्धतीचं, क्लिनिक सुरू झालं, तिथे प्रशिक्षणाची एक घडी बसली. शिकणाऱ्याने स्वतःचं विश्लेषण करून घ्यायचं, सिद्धान्त शिकायचा आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली रुग्ण बघायचे. उपचारपद्धती पुढे कितीतरी बदलल्या, पण देखरेखीखाली काम करण्याची ही रीत टिकली. माझ्या सुपरवायझर वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या. मी त्यांना मॅडम म्हणते, त्या मला अरेतुरे करतात.

तो क्लायंट नाती टिकत नाहीत म्हणून आला होता. सुरुवातीचे महिने नेहमीसारखेच गेले. मग हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की त्याच्या दिवशी मी थोडी लवकर पोहोचते, त्या दिवशी काय घालायचं याचा विचार आदल्या रात्री करते. मी आधी म्हटलेलं एखादं वाक्य तो शब्दशः लक्षात ठेवून यायचा आणि त्यावर आठवडाभर केलेला विचार सांगायचा. इतक्या लक्षपूर्वक कुणी आपलं ऐकतंय याचं सुख फार मोठं असतं. खरं तर ऐकणं हे माझं काम होतं. सेशनमध्ये त्याच्या हातांकडे माझं लक्ष जायचं. एकदोनदा तो स्वप्नात आला. आता याला दुसरं काही नाव देण्यात अर्थ नाही, हे मला कळत होतं.

तरीही मी ते लगेच सांगितलं नाही. का, तेही सांगते, कारण अडचण तिथेच असते. पहिली गोष्ट लाज. दुसरी, मॅडम माझ्या कामाबद्दल अहवाल लिहिणार होत्या. ज्या माणसाच्या शेऱ्यावर आपलं पुढचं अवलंबून आहे, त्याच माणसाला आपल्या मनातली सगळ्यांत अवघड गोष्ट सांगायची, हा सुपरव्हिजनच्या रचनेतलाच पेच आहे. आणि तिसरी गोष्ट माझ्या स्त्री असण्याशी जोडलेली. आमच्या वर्गात हा विषय एखाद्याच तासापुरता आला होता, आणि प्रत्येक उदाहरणात थेरपिस्ट पुरुष होता, क्लायंट स्त्री. स्त्री थेरपिस्ट उदाहरणात आलीच तर ती आईच्या जागी, नाहीतर क्लायंटच्या आकर्षणाचा विषय म्हणून. तिला स्वतःला इच्छा होऊ शकते, हे वर्गात कुणी म्हटलंच नव्हतं. त्यामुळे माझ्यात काहीतरी बिघाड आहे असंच मला वाटत राहिलं.

वाट नोट्समधून निघाली. प्रत्येक सेशननंतर मी संवाद आठवेल तसा लिहून काढते आणि त्यातली काही पानं मॅडमना वाचून दाखवते. त्या दिवशी त्याची पानं वाचत होते. मॅडमनी मध्येच थांबवलं आणि दुसऱ्या एका क्लायंटची पानं शेजारी ठेवायला सांगितली. दुसऱ्या पानांवर दोन्ही बाजू होत्या: ती असं म्हणाली, मी असं म्हटलं, मला इथे कंटाळा आला, इथे मी घाई केली. त्याच्या पानांवर फक्त तो होता. त्याची वाक्यं, त्याचं थांबणं, तो खिडकीकडे बघून काय म्हणाला, सगळं बारकाईने टिपलेलं. माझं एकही वाक्य नाही, माझ्या मनातलं काही नाही. मॅडम म्हणाल्या, "अगं, यात तू कुठे आहेस?"

मी म्हटलं, "मॅडम, मला तो आवडतो. म्हणजे शारीरिक आकर्षण वाटतं."

त्यांनी मान हलवली. चेहऱ्यावर धक्का नाही, आणि "होतं असं" म्हणून हसण्यावारी नेणंही नाही. त्या पुढच्या प्रश्नाकडे वळल्या: "पहिल्यांदा कधी जाणवलं? त्या सेशनमध्ये नेमकं काय बोलणं चाललं होतं?"

मी "तुला लाज वाटायला हवी" याची किंवा "केस सोड" याची तयारी करून बसले होते. या प्रश्नाने विषयच बदलला. आकर्षण कधी वाढतं, कधी ओसरतं, त्याच्या आधीचं वाक्य कोणतं, नंतरचं कोणतं, हे शोधायचं काम समोर आलं. आणि हे काम करता येण्यासारखं होतं.

घरी जाताना त्यांनी वाचायला काही दिलं, त्याचाही मोठा आधार झाला. अमेरिकेत केनेथ पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ साली एक पाहणी प्रसिद्ध केली होती. ५७५ थेरपिस्टना त्यांनी विचारलं होतं. त्यातल्या ८७ टक्के लोकांनी, म्हणजे ९५ टक्के पुरुषांनी आणि ७६ टक्के स्त्रियांनी, कधी ना कधी एखाद्या क्लायंटबद्दल लैंगिक आकर्षण वाटल्याचं सांगितलं. ६३ टक्क्यांना त्याबद्दल अपराधी, बेचैन किंवा गोंधळल्यासारखं वाटलं होतं. या विषयाचं आपलं प्रशिक्षण पुरेसं झालं असं म्हणणारे फक्त ९ टक्के. ७६ टक्के हा आकडा मी कितीतरी वेळ बघत बसले. आकर्षण वाटणारे इतके, तर प्रत्यक्ष लैंगिक वर्तनापर्यंत गेलेले त्या पाहणीत पुरुषांत ९.४ टक्के आणि स्त्रियांत २.५ टक्के. वाटणं आणि वागणं यांच्यात केवढी जागा आहे, ते या आकड्यांत दिसतं. पण ९.४ टक्के हा आकडा लहान नाही, हेही मला इथेच म्हणायचंय. त्यातल्या प्रत्येकामागे एक क्लायंट आहे, जो मदत मागायला आला होता.

विषय जुना आहे. १९०९ साली मनोविकारतज्ज्ञ कार्ल युंग हे साबिना श्पीलराइन या आपल्या रुग्ण स्त्रीशी जडलेल्या नात्यात अडकले होते, तेव्हा मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी त्यांना लिहिलेल्या पत्रात काउंटर-ट्रान्सफरन्स, म्हणजे उपचार करणाऱ्याच्या मनात रुग्णाबद्दल उठणाऱ्या भावना, ही संज्ञा आली. १९१५ मध्ये फ्रॉइडनी रुग्णाच्या प्रेमावर स्वतंत्र निबंध लिहिला. त्यांचं म्हणणं असं की हे प्रेम दाबूही नये आणि पुरवूही नये. ते उपचाराच्या परिस्थितीतून निर्माण झालेलं असतं, डॉक्टरने ते आपल्या मोहकपणाचं यश समजू नये. डॉक्टरच्या भावनांकडे मात्र तेव्हा अडथळा म्हणूनच पाहिलं जाई. मनोविश्लेषक पाउला हायमन यांनी १९५० साली तो विचार फिरवला. उपचार करणाऱ्याला जे वाटतं ते रुग्णाचं मन समजून घ्यायचं एक साधन आहे, असं त्यांनी मांडलं. आणि १९५९ मध्ये हॅरॉल्ड सर्ल्स यांनी उघडपणे लिहिलं की उपचार यशस्वीपणे शेवटाकडे येत असताना रुग्णाबद्दल आपल्याला प्रेमाच्या, अगदी लग्नाच्याही कल्पना सुचतात, आणि त्याचा आपल्याला सुरुवातीला फार अपराध वाटायचा. साठ-सत्तर वर्षांपूर्वी एका प्रतिष्ठित मनोविश्लेषकाने स्वतःच्या नावानिशी हे छापलं होतं आणि मी नोट्समध्ये स्वतःचं वाक्य लिहायला कचरत होते.

पुढचे काही आठवडे आम्ही जुन्या सेशन्सची पानं घेऊन बसलो. थेरपी सुरू होतानाच त्याने सेशन रेकॉर्ड करायला आणि ते सुपरव्हिजनमध्ये ऐकवायला लेखी संमती दिली होती, त्यामुळे काही भाग ऐकताही आला. एका ठिकाणी तो धाकट्या भावाबद्दल बोलायला लागतो. भाऊ लहानपणीच गेला होता. दोन वाक्यं बोलतो, आवाज जड होतो. मग थोडं थांबून म्हणतो, "तुमच्याशी बोललं की किती हलकं वाटतं. तुमच्यासारखं कुणी ऐकतच नाही." त्यावर माझं उत्तर येतं. शब्द साधेच, "हं, इथे बोलता येतंय तुम्हाला." पण आवाज! तो एकदम मऊ झालेला, वेग कमी झालेला, आणि "हं" चांगलाच लांबलेला. त्यानंतर भावाचा विषय संपतो. आम्ही दोघं त्याच्या-माझ्या बोलण्याबद्दल बोलत राहतो.

मॅडमनी तो तुकडा पुन्हा लावला. तिसऱ्यांदा लावायची गरजच पडली नाही.

तसाच क्रम इतर पानांवरही सापडला. दुःख जवळ आलं की तो माझ्याबद्दल काहीतरी गोड बोलायचा, माझ्या अंगावर मोरपीस फिरल्यासारखं व्हायचं, आणि दुःख खोलीबाहेर जायचं. त्याला रडावं लागत नव्हतं. मलाही एका लहान मुलाच्या मृत्यूसमोर बसावं लागत नव्हतं. आकर्षण खरं होतं, पण ते कामही करत होतं: आम्हा दोघांनाही वाचवत होतं. आणि त्याच्या नात्यांचा जो नकाशा तो स्वतः सांगायचा, त्यात हेच होतं. समोरच्या बाईला आपण जगातली एकमेव आहोत असं वाटायला लावायचं, आणि ती जवळ आली की निघून जायचं, म्हणजे कुणी आपल्याला सोडून जायचा प्रश्नच येत नाही. त्या बायकांना जे वाटलं असेल ते मला आतून कळलं होतं. पुस्तकातून ते तसं कळलं नसतं.

या शोधाने मी इतकी खूश झाले की सगळंच त्याच्या खात्यावर टाकायला निघाले. मॅडमनी अडवलं. "हे सगळं त्याने तुझ्यात निर्माण केलं म्हणतेस. मग तुझं काय? या वर्षी तुझ्याकडे लक्ष देऊन बोलणारं कोण आहे?" मला उत्तर सुचेना. त्या वर्षी मी फार एकटी होते, आणि ते एकटेपण कुठल्याही क्लायंटने निर्माण केलेलं नव्हतं. मॅडमनी ते खणलं नाही. त्या म्हणाल्या, "हा भाग तुझ्या स्वतःच्या थेरपीत ने. इथे आपण एवढंच बघू, की तो या कामात कुठून शिरतो." सुपरवायझरने सुपरव्हायझीची, म्हणजे आपल्या देखरेखीखाली काम करणाऱ्याची, थेरपिस्ट होऊ नये, ही सीमा त्या कसोशीने पाळतात. मी पुन्हा थेरपी सुरू केली. थेरपिस्टने स्वतः थेरपी घ्यावी याबद्दल मतभेद असतील, माझा मात्र याबाबतीत ठाम आग्रह आहे: ज्याच्या स्वतःच्या भुकेला दुसरीकडे जागा नाही, त्याची भूक सेशनमध्ये येऊन बसते.

याच काळात आणखी एक गोष्ट झाली. एकदा आम्ही रेकॉर्डिंगमधल्या एका नाजूक जागी आलो, तर मी पटकन एक गंमत सांगितली. मॅडम हसल्या, मीही हसले. आणि हसू ओसरल्यावर त्या म्हणाल्या, "आत्ता तू माझ्याशी तेच केलंस बघ. अवघड जागा आली, आणि तू मला खूश केलंस." थेरपीच्या खोलीत जे चालतं त्याची नक्कल सुपरव्हिजनच्या खोलीत नकळत उतरते, हे सर्ल्स यांनीच १९५५ मध्ये दाखवून दिलं होतं. पुढे त्याला पॅरलल प्रोसेस म्हणायला लागले. मी हे परीक्षेसाठी पाठ केलं होतं. ते आपल्याच तोंडून घडताना पकडलं जाणं ही वेगळीच गोष्ट आहे. तो क्लायंट माझ्याशी जे करतो ते मी मॅडमशी करत होते, आणि मॅडम न दुखावता ते दाखवू शकल्या, म्हणून पुढच्या सेशनमध्ये त्याला न दुखावता कसं दाखवायचं याचा एक नमुना माझ्याकडे आला.

सीमांबद्दलचं बोलणं त्यामानाने कोरडं होतं, पण तितकंच गरजेचं. बाउंडरी क्रॉसिंग (सीमेबाहेर पाऊल टाकणं) आणि बाउंडरी व्हायोलेशन (क्लायंटला इजा करणारं उल्लंघन) यांतला फरक १९९३ साली गुथाइल आणि गॅबार्ड या मनोविकारतज्ज्ञांनी नीट मांडला. सीमेबाहेरचं प्रत्येक पाऊल घातक नसतं. रडून कोलमडलेल्या माणसाला पाच मिनिटं जास्त देणं हे क्रॉसिंग, आणि ते उपकारकही ठरू शकतं. पण लैंगिक शोषणाकडे गेलेल्या केसेस मागे जाऊन पाहिल्या तर सुरुवात बहुधा अशाच छोट्या पावलांनी झालेली असते, आणि त्या पावलांबद्दल कुणाशी बोलणं झालेलं नसतं. मॅडमची कसोटी एका वाक्याची होती: "हे तू बाकीच्या क्लायंटसाठी करतेस का? आणि मला सांगशील का?" त्याची वेळ संध्याकाळची शेवटची होती, त्याच्यानंतर कुणी नसायचं. ती बदलून दुपारची केली, आणि का बदलायची, त्याला काय सांगायचं, हेही आधी बोलून घेतलं. सेशन ठरल्या मिनिटाला संपवायचं. मधल्या दिवसांत मेसेज फक्त वेळेबाबत. या गोष्टी पोलिसी वाटतील, पण माझ्यासाठी त्या मोकळीक देणाऱ्या ठरल्या. चौकट घट्ट झाल्यावर मला आत निवांत विचार करता यायला लागला.

मग ज्याची वाट बघत होतो आणि ज्याची भीतीही होती, ते येणार अशी चिन्हं दिसू लागली. तो म्हणायला लागला, "तुम्हाला एक विचारायचंय, पण आज नको." मॅडम म्हणाल्या, "चल, मी तो होते."

या रोल-प्लेबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण सुपरव्हिजनमधलं हे सगळ्यांत हाताशी येणारं काम होतं. मॅडम खुर्चीत त्याच्यासारख्या बसल्या आणि म्हणाल्या, "मला तुम्ही आवडता." मी नियम सांगितला: आमच्या व्यवसायात असं नातं चालत नाही. मॅडम भूमिका सोडून म्हणाल्या, "मला हाकलून दिल्यासारखं वाटलं." दुसऱ्या खेपेला मी समजावलं की ही खरी माझ्याबद्दलची भावना नाही, तुमच्या आधीच्या नात्यांतून आलीय. "आता मला मूर्ख ठरवल्यासारखं वाटलं. मी काय वाटतंय ते सांगतोय आणि तुम्ही ते खोटं ठरवताय." तिसऱ्या खेपेला मी इतकी मृदू झाले की मॅडम म्हणाल्या, "आता मला आशा वाटतेय." ही आशाच सगळ्यांत घातक, हे त्यांनी निक्षून सांगितलं. असं करत करत काही वाक्यं हाती आली. पाठांतरासाठी नव्हे, जिभेला वळण पडावं म्हणून.

आणि तो अवघड प्रश्न होताच: "तुम्हालाही तसं वाटतं का?" थेरपिस्टने आपल्या लैंगिक भावना क्लायंटला सांगाव्यात का, यावर लिखाण झालेलं आहे, आणि कल स्पष्टपणे न सांगण्याकडे आहे. माझंही मत तेच. प्रामाणिकपणाच्या नावाखाली ते ओझं क्लायंटच्या गळ्यात पडतं. ज्या क्षणी त्याला कळतं की आपल्या थेरपिस्टला आपण हवे आहोत, त्या क्षणी ती खोली त्याच्यासाठी सुरक्षित राहत नाही, मग थेरपिस्टने काही केलं नाही तरीही. पण खोटं बोलायचं का? तेही नाही. मधली वाट शोधायला आम्हाला वेळ लागला.

त्याने खरंच विचारलं तेव्हा माझं हृदय इतकं धडधडत होतं की त्याला ऐकू जाईल असं वाटलं. मी म्हटलं, "हे बोलायला धीर लागला असेल. आपल्यात प्रेमाचं किंवा शरीराचं नातं कधीच होणार नाही, आत्ता नाही आणि थेरपी संपल्यावरही नाही. तसं असल्यामुळेच या भावनेबद्दल इथे मोकळेपणाने बोलता येईल." तो म्हणाला, "आणि तुम्हाला?" मी म्हटलं, "माझ्या भावना सांभाळणं ही माझी जबाबदारी आहे, ती तुमच्यावर येणार नाही. तुम्ही विचारताय, तेव्हा माझ्याकडून काय ऐकायला मिळेल अशी इच्छा आहे, आणि कशाची भीती आहे?"

तो चिडला. "ठरवून आणलेलं उत्तर आहे," म्हणाला, आणि ते काही प्रमाणात खरंच होतं. पुढच्या सेशनला आला नाही. मला तो पुन्हा येणार नाही याची खात्री वाटत होती, आणि त्यात सुटकेची भावनाही होती. मॅडमनी दोन्ही ऐकून घेतलं. त्याला काय कळवायचं ते आम्ही मिळून ठरवलं: तुमची वेळ राखून ठेवलीय, एवढंच. तो आला. राग बरेच आठवडे टिकला, आणि त्या रागात पहिल्यांदा त्याने मला खूश करणं सोडून दिलं. भावाबद्दल तो रागातच बोलायला लागला. घरात त्याच्याबद्दल कुणी कधी बोललंच नाही, कुणी आपल्याला काही विचारलं नाही, याबद्दलचा तो राग होता. रडू फार नंतर आलं. माझं आकर्षण एका दिवसात विरून गेलं असं झालं नाही. ते कमी झालं, मधूनच परत यायचं. पण आता ते उठलं की मनात आधी प्रश्न यायचा: आत्ता काय टळतंय?

मॅडमनी एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट केली होती. मला विचार करणंच अशक्य झालं असतं, मी सीमा ओलांडायच्या बेतात आहे असं त्यांना किंवा मला वाटलं असतं, तर त्याला दुसऱ्या थेरपिस्टकडे सोपवायचं, तेही नीट वेळ देऊन, कारण त्याच्यात नाही हे त्याला कळेल अशा रीतीने. माझ्या एका मैत्रिणीने असंच आकर्षण तिच्या सुपरवायझरला सांगितलं, तर "ताबडतोब केस सोड" एवढाच आदेश मिळाला. तिने एका आठवड्यात क्लायंटला दुसरीकडे पाठवलं. आपल्यात काहीतरी वाईट आहे म्हणून आपल्याला टाकलं, असंच त्या क्लायंटला वाटलं असणार. आणि मैत्रीण त्यानंतर असं काही कुणाला सांगायला धजावली नाही. मला त्या सुपरवायझरचा राग येतो, अजूनही येतो. सांगितल्याची शिक्षा मिळाली की माणसं सांगायची थांबतात, आणि न सांगितलेलंच पुढे धोक्याचं होतं.

हे वाचणाऱ्यांत थेरपी घेणारेही असतील. थेरपिस्टने स्पर्श, सूचक बोलणं, बाहेर भेटण्याचा आग्रह सुरू केला, तर तो उपचाराचा भाग नव्हे, आणि सुरुवात तुमच्याकडून झाली असली तरी जबाबदारी थेरपिस्टचीच. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची आचारसंहिता चालू क्लायंटशी लैंगिक संबंधांना पूर्ण मनाई करते, आणि थेरपी संपल्यावरही किमान दोन वर्षं, त्यानंतरही अगदी अपवादात्मक परिस्थिती वगळता नाही. ज्यांच्या कामाचं मूल्यमापन आपल्या हातात आहे, त्या विद्यार्थ्यांशी आणि सुपरव्हायझींशीही नाही. मॅडमचा आणि माझा नियम याहून सोपा आहे: एकदा क्लायंट तो कायमचा क्लायंट.

आता मी स्वतः काही नव्या थेरपिस्टना सुपरव्हिजन देते. पहिल्या भेटीत आम्ही एक लेखी करार करतो: वेळ, फी, गोपनीयता, अहवाल. त्यात मी एक ओळ घातलीय, की क्लायंटबद्दल आणि क्लायंटकडून येणाऱ्या लैंगिक भावना हा आपल्या कामाचा नेहमीचा विषय आहे आणि मी त्याबद्दल अधूनमधून आपणहून विचारेन. ही ओळ वाचून बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: हे तुम्ही अहवालात लिहिणार का? मी उत्तर आधीच देऊन ठेवते. तुम्हाला काय वाटलं ते मी लिहिणार नाही. त्यावर तुम्ही काम कसं करता, हे लिहीन. आणि क्लायंटला इजा होतेय असं मला दिसलं, तर मी गप्प बसणार नाही. कुणाशी बोलेन, काय करेन, तेही आधी तुम्हालाच सांगेन. कराराच्या या भागावर पहिल्या भेटीचा बराचसा वेळ जातो.